तंजावरच्या एका लग्नाची यादी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला दोन महिन्यांपूर्वी विचारले, "आपण नातवाचे लग्न तंजावरास केलेत, त्याविषयी संमेलनात चार शब्द सांगाल काय?" मी वक्ता नव्हे आणि इतिहासाचा अभ्यासकही नव्हे. सदतीस वर्षे हिशेबखात्यात काढलेला मी एक साधा मनुष्य. तरीही होकार दिला. आपल्या मंडळातील आणखी तीन-चार घरी दक्षिणेत जाऊन लग्न करण्याचे घाटत आहे असे कानावर आले आहे, आणि आमच्या हातून जी चूक झाली ती त्यांच्या हातून होऊ नये असे मनापासून वाटते.

तंजावर म्हणताच आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे भोसल्यांचे राज्य उभे राहते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तेथे गेले, आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या खोऱ्यात मराठी दरबार होता. चोळराजा राजराजाने १०१० साली पुरे केलेल्या मोठ्या शिवमंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांच्या वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. ते आजही वाचावयास मिळते. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी पोथ्या आणि मोडी कागद पाहावयास आपल्याकडील अभ्यासक नेहमी जातात.

परंतु राज्य गेले तेव्हा माणसे गेली नाहीत, ही गोष्ट आपण विसरतो. दरबाराबरोबर दक्षिणेत गेलेली आपल्या देशस्थ ज्ञातीची घरे तंजावर, कुंभकोणम् आणि त्या भागातील खेड्यांतून राहिली. बडोद्याचे दिवाण म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते सर टी. माधवराव कुंभकोणमास जन्मलेले. इंदूरचे दिवाण रघुनाथराव त्यांचेच आप्त. विधवाविवाहास शास्त्राचा आधार आहे, असे त्या काळी पंडितांना ठासून सांगणारे. आज यांतील पुष्कळ कुटुंबे चेन्नई, बंगळूर आणि परदेशी विखुरली आहेत. तरी घरात अजून मराठी बोलतात. ती मराठी आपल्याला प्रथम चमत्कारिक वाटते, दुसऱ्या दिवशी गोड वाटते, आणि चौथ्या दिवशी आपलीच मराठी उगाच घाईची वाटू लागते.

अशाच एका घरची मुलगी माझ्या नातवाने बंगळूरच्या कचेरीत पाहिली. पत्रिका जुळल्या, गोत्र वेगळे निघाले, आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. मुलीचे वडील निवृत्त शाळामास्तर. तंजावरास मेल वीथीत जुने घर, घरात ब्याऐंशी वर्षांची आजी. लग्न मुलीकडे, म्हणजे तंजावरास, हे ओघानेच आले. येथपर्यंत सगळे सरळ होते.

मग आमच्या घरी यादी झाली. मंडळी, ही यादी मीच लिहिली, हे प्रारंभीच कबूल करतो. मुले सांगत गेली, सुना भर घालीत गेल्या, आणि मी हिशेबनिसाच्या सवयीने अनुक्रमांक घालीत गेलो. एकेचाळीस कलमे झाली. तीन दिवसांचा सोहळा. मोठ्या मंदिराच्या आवारात मंडप. राजवाड्याच्या दारापासून घोड्यावरून वरात. सहाशे माणूस. एक रात्र गाण्याची. आमच्याकडील एकशेवीस पाहुण्यांची हॉटेलात सोय. जेवण उभ्याने, बुफे पद्धतीचे, कारण "पंगतीत वेळ फार जातो." ही यादी मुलाने मोबाइलवरून व्याह्यांकडे पाठविली. उत्तर एका शब्दाचे आले: "होईल."

आम्हाला वाटले, केवढी समजूतदार माणसे! त्या शब्दाचा अर्थ पाच आठवड्यांनी मला कळला.

मी आणि माझा धाकटा भाऊ पुढची व्यवस्था पाहावयास निघालो. प्रवासाचे एक सांगून ठेवतो, म्हणजे वऱ्हाडाचे हाल व्हावयाचे नाहीत. मुंबई-पुण्याकडील बहुतेक गाड्या चेन्नईच्या सेंट्रल स्थानकावर थांबतात, आणि तंजावरकडे जाणाऱ्या गाड्या एग्मोर किंवा तांबरमहून सुटतात. तिकिटावर स्थानक नीट पाहावे आणि मध्ये निदान चार तास ठेवावेत. विमानाने जावयाचे तर तिरुचिरापल्लीस उतरून मोटारीने साठेक किलोमीटर.

तंजावरास पोचलो त्या संध्याकाळी व्याह्यांनी कार्यालयाची पावती दाखवावयास कागदांची पिशवी उघडली. दक्षिणेत लग्नाला 'कल्याणम्' म्हणतात आणि कार्यालयाला 'कल्याण मंडपम्'. तंजावरच्या शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे जुने मराठी नाटक म्हणजे लक्ष्मीनारायणाचे लग्नच. असो. पावतीबरोबर दुसरा एक कागद खाली पडला. मी तो उचलून दिला. उचलताना दृष्टी गेली. सदतीस वर्षांची सवय, कागद हाती आला की नजर आकड्यावर जाते. बँकेकडून दागिन्यांवर काढलेल्या कर्जाची ती पावती होती. जिन्नस: सोन्याच्या बांगड्या, सहा. तारीख आमची यादी पोचल्यानंतरची चौथी.

विहीणबाई त्याच वेळी कॉफी घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हुंडा घेणार नाही असे आम्ही पहिल्याच बैठकीत मोठ्या तोऱ्याने सांगितले होते. आपल्या मंडळाने हुंड्याविरुद्ध ठराव केला त्या सभेत हात वर करणाऱ्यांत मी होतो. आणि तोच मी एकेचाळीस कलमांनी सहा बांगड्या काढून घेतल्या होत्या. हुंडा मागावा लागतो, निदान तोंड उघडावे लागते. येथे तर मी नुसते अनुक्रमांक घातले होते.

सकाळी मी विषय काढला. व्याही म्हणाले, "मुलीचे लग्न आहे. ते आमचे काम. आपण मनास लावून घेऊ नये." त्यापुढे ते बोलेनात. खर्च निम्मा वाटून घेऊ म्हटले तर त्यांचा चेहरा अधिकच बंद झाला. आपण मदत करतो असे म्हणताना समोरच्याचा मान कसा जातो, हे मी तेथे पाहिले. माझा भाऊ बोलका आहे, तोही गप्प बसला.

झोपाळ्यावर आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या (त्यांचे बोलणे मी आपल्या मराठीत सांगतो), "ती यादी मला कोणी वाचून दाखवली नाही. वाचा." मी वाचली. एकेचाळीस कलमे ब्याऐंशी वर्षांच्या बाईपुढे मोठ्याने वाचणे हे प्रायश्चित्तच होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "याद्या दोन्हीकडची माणसे एका जाजमावर बसून करतात. ही एकाच बाजूने झाली. म्हणजे ही यादी नव्हे, हे बिल आहे. नवी करा. माझ्यापुढे करा."

आम्ही केली. त्या दोन दिवसांत तंजावरास लग्न कसे करावे हे मी जेवढे शिकलो, ते आता सांगतो.

पहिले कलम आजींनी घातले: "बांगड्या सोडवून आणणे." त्यावर कोणी चर्चा केली नाही. आमच्या घोड्याचे आणि गाण्याच्या रात्रीचे पैसे वाचले, तेवढ्यात ते बसले.

मंदिराच्या मंडपाचे कलम त्यांनी हसून खोडले. ते मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून गणले गेले असून पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे, आणि तेथे नित्य पूजा चालते. डिसेंबर २०१८ मध्ये बाहेरच्या एका संस्थेने त्याच आवारात मंडप घालून कार्यक्रम योजला, तेव्हा गावात केवढा क्षोभ झाला आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तो कसा थांबविला, हे व्याह्यांनी सांगितले. नवरानवरीने लग्नानंतर जोडीने दर्शनास जावे, भिंतीवरील मराठी अक्षरे पाहावीत. त्याला कोणाची हरकत नाही. "पुण्याची माणसे येतात," आजी म्हणाल्या, "भिंतीचे फोटो काढतात आणि जातात. आमच्या दारावरून जातात."

यावर काय बोलणार?

आता तिथीविषयी. हे कलम सर्वांत अवघड, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आपण चांद्रमास धरतो; गावातले कार्यालय, आचारी, फुलवाला आणि वाजंत्री हे तमिळ सौर महिन्यांवर चालतात. आडि, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तेथे लग्ने होत नाहीत. पुरट्टासी आणि मार्गळी हेही वर्ज्य. मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा महिना. आवणी त्यांना उत्तम, परंतु तो आपल्या चातुर्मासात पडतो. तै महिना, संक्रांतीनंतरचा, त्यांना सर्वांत शुभ. पण त्याचा प्रारंभ पुष्कळदा आपल्या पौषात येतो आणि आपल्याकडची वडील माणसे नाक मुरडतात. शिवाय पौष वद्य पंचमीला जवळच तिरुवैयारूस त्यागराजांची आराधना असते. त्या आठवड्यात तंजावरास राहावयाला खोली मिळणे कठीण.

मग तुळशीच्या लग्नानंतर करू, असे माझा भाऊ म्हणाला. आपल्याकडे ते दिवस कोरडे आणि सुखाचे असतात. तेथे तोच ऐन पावसाळा. कावेरीच्या मुखाकडील त्या भागात ईशान्येचा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो. नोव्हेंबर २०१८ मधील 'गज' वादळाने त्या जिल्ह्यातील नारळाच्या बागाच्या बागा झोपविल्या. वैशाखात मुहूर्त पुष्कळ, परंतु मे महिन्यातील तीन-साडेतीन आठवड्यांच्या उन्हाला तेथे 'अग्निनक्षत्र' असे नाव आहे. नावावरूनच काय ते समजावे. त्यातून २०२६ सालासारखा अधिक ज्येष्ठ आला (त्या वर्षीचा सतरा मे ते पंधरा जून), तर तोही काळ आपल्या हिशेबातून गेला.

असे करीत करीत उरला तो माघ-फाल्गुन, त्यांचा तैचा उत्तरार्ध आणि मासी. पाऊस संपलेला, ऊन बेताचे, सांबा भाताची कापणी नुकतीच झालेली. आम्ही माघ शुद्ध पक्ष धरला. येथेही एक सावधगिरी हवी: मासी महिन्यात मघा नक्षत्राला कुंभकोणमच्या तलावावर दरवर्षी स्नानाचा मेळा असतो, आणि दर बारा वर्षांनी महामहम्. मागचे २०१६ साली झाले, पुढचे २०२८ साली. त्या वर्षी त्या सुमारास कोणी वऱ्हाड घेऊन त्या बाजूस जाऊ नये.

वार रविवार ठरला. आम्हाला गोरज मुहूर्त हवा होता. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, आणि तो तेथे कटाक्षाने पाळतात. त्याच्या शेपटाला लग्न लावावयास भटजी राजी होईनात. सकाळी साडेसात ते नऊ हा मुहूर्त धरला. आमच्या सुनांना पहाटे चारला उठून नटावे लागणार म्हणून थोडी कुरकुर झाली.

नंतर आचारी आला. त्याने एकच प्रश्न विचारला: "पाने किती?" तेथे माणसे मोजत नाहीत, केळीची पाने मोजतात, आणि नाश्ता, जेवण, संध्याकाळचे फराळाचे, रात्रीचे जेवण यांची पाने वेगवेगळी धरतात. आमचे सहाशे माणूस येथे तीनशे पानांवर आले. बुफेचे मी नावही काढले नाही. आजींनीच ते कलम यादीत शोधून काढले आणि विचारले, "उभ्याने? लग्नात? पान कोठे मांडणार?" पंगतच झाली. आणि खरे सांगतो, सराईत वाढप्यांच्या हातून पंगत बुफेपेक्षा लवकर उठते.

जेवणात काय असावे हे आजींनी ठरविले. डांगर पच्चडी, आंबट भाजी, रसवांगी. या शेवटच्या शब्दात आपले वांगे कसे बसले आहे ते पाहावे. शेवटी पुरणपोळी. सरफोजी राजांच्या काळचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध आहे; माझी धाकटी सून तो विकत घ्यावयास निघाली होती. आजींनी तिला स्वयंपाकघरात नेले. सांबार हा शब्द संभाजीराजांच्या नावावरून आला, ही आख्यायिका आमच्या मुलांनी तेथे मोठ्या अभिमानाने सांगितली. आचारी तमिळ. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि आणखी थोडे सांबार वाढले.

तांबूलाच्या पिशवीवर मात्र मी हरलो. निघताना प्रत्येक पाहुण्याच्या हाती पानसुपारी आणि नारळ असलेली पिशवी देतात. मी म्हटले, तीनशे नारळ कशाला, घरटी एक द्यावा. आजींनी उत्तर दिले नाही. व्याह्यांनी यादीत लिहिले: नारळ, साडेतीनशे.

खर्चाची वाटणी अशी झाली: कार्यालय आणि पाने निम्मी-निम्मी, वाजंत्री, फुले आणि आमच्या माणसांची राहण्याची सोय आमची, पुण्यात जे काय मिरवायचे ते आमच्या स्वागतसमारंभात, आमच्या पैशाने. व्याही शेवटपर्यंत अवघडलेले होते. सही करण्यापूर्वी ते म्हणाले, "एक अट. सकाळची कॉफी माझी. सगळ्या वऱ्हाडाची, दोन्ही दिवस." मी लगेच मान्य केले. नंतर कळले की आमच्या वऱ्हाडाने दोन दिवसांत जेवढी कॉफी घेतली, तेवढी पुण्यात महिन्याभरात घेतली नसती.

लग्न चांगले झाले. सगळे यादीबरहुकूम झाले असे मात्र नाही. आमच्याकडे अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हणतात, त्यांच्या घरीही तसेच आहे. पण वाजंत्री तमिळ, आणि त्यांची रीत अशी की, मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी कोणी हाताने खूण केली की नादस्वर आणि तविल एकदम जोरात वाजवावयाचे. याला ते 'केट्टि मेळम्' म्हणतात. माझ्या बहिणीने पहिले मंगलाष्टक संपविले, 'सावधान' म्हटले, अक्षता पडल्या, पाचपन्नास हात वर झाले, आणि तविलवाल्याने समजला तो क्षण आला! जो कडकडाट सुरू झाला तो थांबता थांबेना. बहीण हात वर करून थांबवू लागली, तर त्याने ती आणखी एक खूण समजून वेग वाढविला. अंतरपाटाआड नवरानवरी हसत होती. शेवटी आजींनी काठी आपटली. बहिणीने दुसरे मंगलाष्टक नद्यांचे धरले, आणि त्यात कावेरीचे नाव आले तेव्हा समोरच्या बाजूच्या वृद्ध मंडळींनी हात जोडले. लहानपणापासून ते श्लोक मी ऐकत आलो. त्यातल्या कावेरीकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

विहीणबाईंच्या हातांत त्या दिवशी सोन्याच्या बांगड्या होत्या. मी मोजल्या नाहीत, असे म्हटले तर माझ्या घरची माणसे हसतील.

तमिळनाडूत २००९ च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची असून ती ९० दिवसांच्या आत करावी लागते. साक्षीदार सगळे तेथेच जमलेले असतात, तेव्हा परतण्यापूर्वी कागद तयार करून ठेवावेत. आम्ही हे आधी लिहून ठेवले होते म्हणून सोपे गेले.

दुसरी यादी आम्ही जपून ठेवली असून तिची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात चिटणीसांकडे दिली आहे. तिला दोन पाने आहेत. एक माझ्या हातचे, आपल्या बाळबोधीत. दुसरे आजींनी सांगितलेले आणि व्याह्यांनी लिहिलेले, मराठीतच, परंतु तमिळ लिपीत. त्या घरात आता मराठी त्या लिपीत लिहितात. ज्यांना तंजावरास लग्न करावयाचे असेल त्यांनी दोन्ही पाने पाहावीत. दुसरे पान वाचता येणार नाही. तमिळ जाणणाऱ्या कोणाकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. वाचणाऱ्याला कळणार नाही, आपल्याला कळेल.